निधी नव्हता तेव्हाचे खासदार

कणकवलीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं छोटं दुकान आहे. सातबारा, आठ-अ, शिष्यवृत्तीचे फॉर्म, गणपतीच्या आधी रेल्वेची तिकिटं, जे येईल ते. प्रिंट निघेपर्यंत गिऱ्हाइकाला काम नसतं, मग तो मोबाइल काढतो आणि मला काहीतरी वाचायला देतो. गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात जणांनी दाखवला. सातवे होते आमच्या वाडीतले तात्या. पंधरा रुपयांचा सातबारा काढायला आले होते. म्हणाले, "ह्यां वाचलंस काय? अगदी खरां लिवलेलां आसा."

मेसेजला नाव-गाव नाही, पण हात बसलेल्या माणसाने लिहिलाय. थोडक्यात तो असा: कोकणाने राजापूर मतदारसंघातून आधी बॅरिस्टर नाथ पै आणि मग प्राध्यापक मधु दंडवते यांना मिळून ३४ वर्षं दिल्लीला पाठवलं. दोघेही राज्यघटना, सीमाप्रश्न, आणीबाणी असल्या देशाच्या गोष्टींवर बोलत राहिले, कोकणाला काही दिलं नाही. खासदार निधीतून एक साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, बांधला नाही. नाथ पैंचं गाजलेलं विधेयक मंजूरसुद्धा झालं नाही. दंडवते रेल्वेमंत्री होते, तरी रेल्वे आणली जॉर्ज फर्नांडिसांनी. त्यापेक्षा आजचे पुढारी बरे, प्रत्येक प्रश्नावर पाच मिनिटांत भूमिका जाहीर करतात आणि गावात रस्ताही करून देतात. शेवटी हात जोडल्याची तीन चित्रं आणि 'भाषण नको, काम हवं'.

मी कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता नाही. नाथ पैंना ऐकायचा प्रश्नच नाही, ते गेले त्यानंतर माझा जन्म. पण सातव्यांदा तोच मेसेज वाचल्यावर गप्प बसवलं नाही. त्यातलं काय बरोबर आणि काय चूक, ते लिहून काढतो.

निधीचं आधी उरकतो, कारण त्यात फार बोलण्यासारखं नाही. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना, म्हणजे आपण ज्याला खासदार निधी म्हणतो ती, नरसिंह राव सरकारच्या काळात २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झाली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराला पाच लाख, पुढच्या वर्षापासून एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी, २०११-१२ पासून पाच कोटी. नाथ पै १९७१ च्या जानेवारीत वारले. दंडवते १९९१ च्या निवडणुकीत पडले. जो निधी अस्तित्वातच नव्हता, त्यातून साकव कुठून बांधणार? आजोबांनी मोबाइलवरून पैसे का पाठवले नाहीत, असं विचारण्यातलाच हा प्रकार.

हे दाखवल्यावर तात्या म्हणाले, निधी नसेल, पण वजन तर होतं, साकव मागून घेता आला नसता काय? बरोबर आहे. पण मागायचा कोणाकडे? १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आहेत. गावचा रस्ता, साकव, शाळेची कौलं, विहीर ही कामं तिथली, त्याच्यावरची राज्याच्या बांधकाम खात्याची. १९९३ पासून तर ७३ व्या घटनादुरुस्तीने २९ विषय पंचायतींकडे सोपवायची यादीच घटनेत घातली. खासदाराने साकव बांधला तर वाईट नाही. मात्र साकव बांधायला तीन पायऱ्यांची माणसं आपण निवडून दिलेली आहेत. घटनेत बदल करायचा की नाही, यावर मत द्यायला दिल्लीत आपला एकच माणूस असतो.

माझ्या दुकानात खासदाराचं नाव सर्वांत जास्त कधी निघतं, माहीत आहे? तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवर राहिलं की. "साहेबांचां एक पत्र मिळात काय?" रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्यातून दोन बर्थ. साहेबांचं वजन आपण तिथे मोजतो.

आता विधेयक. मेसेजातला हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर तात्यांच्याच सातबाऱ्यावर छापलेलं होतं.

गोष्ट १९६७ ची. २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. निकाल असा की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांत होता. म्हणजे जमीनदाराच्या मालमत्तेच्या हक्काला हात घालणारी नवी दुरुस्ती बंद. नाथ पै विरोधी बाकावरचे, प्रजासमाजवादी पक्षाचे. निकालाला दीड महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात एप्रिलमध्ये त्यांनी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडलं: घटनेचा कुठलाही भाग, मूलभूत हक्कांसकट, दुरुस्त करायचा अधिकार संसदेला आहे, हे स्पष्ट लिहावं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली, आणि १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही गेलं. मेसेजवाला म्हणतो ते एवढ्यापुरतं खरं, विधेयक मंजूर झालं नाही.

आता 'देशाच्या गोष्टी' म्हणून ज्याला तो नाक मुरडतो, ती गोष्ट कोकणात कुठे येते ते बघा. घटनेला नववं परिशिष्ट जोडलं १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने. मूलभूत हक्कांना बाधा येते म्हणून कोर्टाने रद्द करू नयेत अशा तेरा कायद्यांची ती यादी. त्यात दुसऱ्या क्रमांकावर १९४८ चा मुंबई कूळ वहिवाट आणि शेतजमीन कायदा. सहाव्या क्रमांकावर १९४९ चा मुंबई खोती निर्मूलन कायदा. देशभरातून निवडलेल्या तेरा कायद्यांत एक आख्खा कायदा खोतीचा, म्हणजे आपला! खोत, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा वतनदार, हा शब्द घाटावरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे आजही कुणाच्या तरी आडनावात, कुणाच्या तरी मळ्याच्या नावात तो बसलेला आहे.

गोलकनाथ निकालाने जुन्या दुरुस्त्या तशाच ठेवल्या होत्या, हेही सांगायला हवं. न्यायालयाने निकाल पुढच्या काळापुरता लागू केला. खोती त्या निकालाने परत आली नसती. पण जमिनीच्या नव्या कायद्याला तसं कवच द्यायचा रस्ता बंद झाला होता. ज्या मतदारसंघात निम्मी माणसं कुळं आणि उरलेली मुंबईच्या गिरण्यांत, तिथल्या खासदाराने हा रस्ता मोकळा करायची धडपड करणं म्हणजे गावाकडे पाठ फिरवणं कसं होईल?

तात्यांचा सातबारा मी प्रिंटरमधून काढून काउंटरवर ठेवला. भूधारणा पद्धतीच्या रकान्यात भोगवटादार वर्ग २. इतर अधिकारात एक ओळ: कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र, म्हणजे जमीन विकण्यावर बंधन. तात्यांचे वडील कूळ होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने त्यांना कसत होते त्या जमिनीचे मालक केलं, कायद्याने ठरवलेली किंमत भरून. ती ओळ तात्यांनी आयुष्यभर पाहिली असणार. ती कशामुळे टिकून आहे, याची चौकशी करायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही, कारण ती चौकशी दिल्लीत दुसरी माणसं करत होती.

आणि मंजूर झालं नाही म्हणून वाया गेलं, हा हिशोब कोकणाने तरी करू नये. खोतीच्या विरोधातलं पहिलं मोठं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधानसभेत मांडलं. तेही मंजूर झालं नाही. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, त्यात कोकणातली कुळं होती. अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षामागून वर्षं जमिनी पडीक ठेवून संप चालवला होता. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. बारा वर्षं लागली. १९३७ चं विधेयक फुकट होतं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

नाथ पैंच्या विधेयकाचंही तसंच झालं. ते बुडालं, पण मुद्दा बुडाला नाही. १९७१ च्या नोव्हेंबरात चोविसावी घटनादुरुस्ती झाली, सरकारनेच आणली, आणि तिच्यात गाभा तोच होता. १९७३ च्या २४ एप्रिलला केशवानंद भारती निकालाने गोलकनाथ बाजूला सारलं आणि त्याच दमात सांगितलं की दुरुस्ती करा, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावू नका. खासगी विधेयकांचा तर इतिहासच असा की स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त चौदा मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. त्या मापाने मोजायचं तर गेल्या पन्नास वर्षांतला एकही खासदार पास होणार नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला टीकाच करायची होती तर खरा मुद्दा त्याच्या हातातून सुटला. नाथ पैंना संसदेला जो अधिकार द्यायचा होता, तोच वापरून १९७६ मध्ये बेचाळिसावी दुरुस्ती झाली, लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं झाली, आणि त्या वेळी विरोधक तुरुंगात होते. त्यांच्याच गादीवर आलेले दंडवते २६ जून १९७५ ला बंगळुरूत पकडले गेले होते. कशासाठी गेले होते तिथे? पक्षांतरबंदीच्या विधेयकावरच्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी. नाथ पै असते तर त्यांनी आपल्या विधेयकाबद्दल काय म्हटलं असतं, हा प्रश्न मला पडतो. दुसरं, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. दंडवते त्या सरकारात मंत्री होते. कुळाला जमीन देताना हे सोयीचं होतं. आज प्रकल्पासाठी त्याच कुळाच्या नातवाची जमीन घेताना त्याला ते गैरसोयीचं वाटतं. यावर वाद घाला, मी ऐकायला बसेन. साकवावर नको.

रेल्वेचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. अर्धं खरं असं की कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. महामंडळाची नोंदणी १९ जुलै १९९० ची, रोह्याला पायाभरणी १५ सप्टेंबर १९९० ची, कामाची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे, आणि सगळा मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. जॉर्जना याचं श्रेय द्यायलाच हवं आणि कोकण ते देतं.

पण त्याच सरकारात अर्थमंत्री कोण होतं, हे मेसेजात नाही. मधु दंडवते. डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९०. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून हा मार्ग कधी झालाच नसता, एवढा तो महाग होता. म्हणून वेगळी कंपनी काढायची, ५१ टक्के रेल्वेचे, २२ महाराष्ट्राचे, १५ कर्नाटकाचे, गोवा आणि केरळचे सहा-सहा, आणि बाकीचा पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा, असं ठरलं. असल्या योजनेला अर्थखात्याने नुसतं "बघू" म्हटलं असतं तरी फाइल पुढच्या सरकारपर्यंत पडून राहिली असती, आणि जॉर्ज-दंडवत्यांचं हे सरकार तर वर्षभरसुद्धा टिकलं नाही. रेल्वेमंत्री मूळचा मंगळुरूचा आणि अर्थमंत्री राजापूरचा खासदार असा योग परत आलेला नाही.

'रेल्वेमंत्री असताना दंडवत्यांनी काही केलं नाही' हेही तपासू. मार्च १९७७ ते जुलै १९७९, सव्वादोन वर्षं. दिवा जंक्शनहून निघालेला फाटा तेव्हा आपट्याला येऊन थांबलेला होता. आपटा ते रोहा या टप्प्याला मंजुरी त्यांच्याच कारकिर्दीतली. गाडी रोह्याला पोचली १९८६ मध्ये, आणि चार वर्षांनी कोकण रेल्वेचं काम सुरू झालं ते त्याच रोह्यापासून. आपट्यापर्यंतच रूळ असते तर पायाभरणी आपट्याला करावी लागली असती.

शिवाय एक गोष्ट जी देशाची की कोकणाची ते मला ठरवता येत नाही. आधी दुसऱ्या वर्गात लाकडी बाकं असत. माझे वडील लालबागला खोलीत सतरा जणांबरोबर राहायचे, गिरणीच्या कामासाठी एकदा नागपूरला जाऊन आले. त्या लाकडाबद्दल ते सांगायचे: दोन फळ्यांमधली फट रात्रभर बरगडीत रुतते, कुशीवर वळलं की हाड वाजतं, मग माणूस चादरीची घडी करून कमरेखाली घेतो आणि चादर गेली म्हणून थंडीने कुडकुडतो. दंडवत्यांनी त्यावर दोन इंचांचा फोम घातला. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली, सगळे डबे एकाच वर्गाचे. गीतांजली कोकणात आली नाही. पण कोकणी माणूस जिथे जिथे पोट भरायला गेला तिथे बसायला तो फोम त्याच्या खाली होता. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनीच परत घेतलं, त्यांतही आपली माणसं कमी नसतील.

इथे उलट्या बाजूच्या मेसेजांनाही एक टोला हाणून घेतो. 'कोकण रेल्वे नाथ पैंनी आणली' असंही फिरतं. नाही आणली. त्यांनी लोकसभेत ती मागितली, पुन्हा पुन्हा मागितली, आणि १९७१ मध्ये ते गेले तेव्हा रोह्यालाही गाडी नव्हती. त्यांच्या आधी अ. ब. वालावलकरांनी या मार्गाचा ध्यास घेतला होता. एवढ्या माणसांनी इतकी वर्षं ओढलेल्या गाडीला एकाचं नाव चिकटवायची घाई कशाला?

'देशाचे प्रश्न' आणि 'आपले प्रश्न' असे दोन डबे मेसेजवाल्याने केलेत, त्यावर थोडं. मालवणच्या धक्क्यावर कुठल्याही रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला, किंवा छोट्या होडीवाल्याला विचारा, त्याचा प्रश्न स्थानिक की राष्ट्रीय. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, मासेमारी हा राज्याचा विषय. राज्यसूचीतली २१ वी नोंद. त्यापलीकडे केंद्राचा, केंद्रसूचीतली ५७ वी नोंद. माशांचा आख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये आदेश काढला. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. बांगड्याला ही १२ मैलांची रेघ दिसत नाही, आणि रात्री पलीकडे दिव्यांचा झगमगाट करून उभ्या राहणाऱ्या बोटीला ती दिसून न दिसल्यासारखी असते. परराज्यातला ट्रॉलर जाळी तोडून गेला की गस्तीनौका राज्याची, तटरक्षक दल केंद्राचं, आणि नुकसान रापणकराचं. या प्रश्नावर ज्याला दोन्हीकडचा कायदा ठाऊक नाही, तो पुढारी बंदरावर येऊन फक्त फोटो काढून जातो.

काजूचं तेच. मार्च-एप्रिलात माणसं पोती रिक्षात टाकून बी विकायला आणतात. यंदा दर काय, यावर दुकानात तासभर चर्चा चालते, आणि दोष जातो व्यापाऱ्याला. आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बीवरचं आयातशुल्क २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आलं. कारखानदाराला ते हवं होतं, बागायतदाराला नको होतं. वेंगुर्ल्यात दोघेही आहेत. आपल्या खासदाराने त्यावर सभागृहात काय म्हटलं, हे मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही. मीही शोधलं नव्हतं, कबूल करतो.

सीमाप्रश्नाला मेसेजात 'दुसऱ्यांचं भांडण' म्हटलंय. सावंतवाडीच्या, वेंगुर्ल्याच्या जुन्या माणसांना विचारा: आंबोली चढून गेलं की बेळगाव. बाजार, कॉलेज, दवाखाना, सोयरीक. १७ जानेवारी १९५६ ला तिथे गोळीबारात माणसं गेली, म्हणून तो हुतात्मा दिन. १९७१ च्या हुतात्मा दिनाला नाथ पै बेळगावात सभेत बोलले आणि दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, तिथेच गेले. ४८ वर्षांचे होते. दुसऱ्याचं भांडण असं अंगावर कोण घेतं?

शेवटचा दावा पाच मिनिटांत भूमिकेचा. हा दावा मात्र शब्दशः खरा आहे. हल्ली भूमिका पाच मिनिटांत येते, कधीकधी एका दिवसात दोन येतात. राजापूरजवळच्या नाणारच्या रिफायनरीचं बघा. २३ एप्रिल २०१८ ला नाणारच्या सभेत शिवसेनेचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी भूसंपादनाची अधिसूचना रद्द केल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते मंत्र्यांचं वैयक्तिक मत असल्याचं सांगितलं. एक सरकार, एक दिवस, दोन भूमिका. २०१९ च्या मार्चमध्ये नाणारची अधिसूचना खरंच रद्द झाली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रिफायनरीसाठी जवळच्याच बारसूच्या जागेबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिलं, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षणाविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा त्यांचा पक्ष आंदोलकांच्या बाजूने उभा होता. कुठलाही पक्ष घ्या, सत्तेतली भूमिका आणि बाहेरची भूमिका वेगळी. प्रकल्प हवा की नको, यावर माझं मत मी इथे सांगत नाही, आमच्या घरातच दोन मतं आहेत. सड्यावर उन्हात बसलेल्या बायकांना मात्र भूमिका बदलायची सोय नव्हती.

जुन्या लोकांच्या भूमिका सापडतात का, असं कुणी विचारेल. सापडतात. लोकसभेचं कामकाज शब्द न् शब्द छापलेलं असतं आणि आता ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. तारीख घाला, पान उघडतं. नाथ पैंनी कुठल्या विधेयकावर काय म्हटलं, सरकारने मध्येच काय विचारलं, त्याला त्यांनी काय उत्तर दिलं, सगळं. रात्री टाकलेली आणि सकाळी काढलेली पोस्ट मात्र कुठल्या खंडात सापडणार?

मेसेजात बरोबर काय आहे, तेही लिहितो म्हटलं होतं. त्या ३४ वर्षांत कोकणातला तरुण मुंबईला जायचा थांबला नाही, हे बरोबर. घर मनीऑर्डरवर चालायचं. पावसाळ्यात आगबोट बंद, मग एसटीत रात्र काढायची. कारखाने आले नाहीत, मोठं इस्पितळ आलं नाही, आजही बरं नसलं की गोवा नाहीतर कोल्हापूर. यात खासदारांचा वाटा किती, मंत्रालयाचा किती, आपला स्वतःचा किती, हा हिशोब मांडायला हवा, आणि तो मांडताना नाथ पै-दंडवत्यांना सूट देऊ नये. दंडवत्यांना ती मिळालीही नाही. रोह्याला पायाभरणी झाली सप्टेंबर १९९० मध्ये, आणि १९९१ मध्ये राजापूरने त्यांना घरी बसवलं, काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. लोकांनी ज्याचा हिशोब मतपेटीत चुकता केला, त्याच्याकडून तीस वर्षांनी न झालेल्या निधीची पावती मागायची म्हणजे अतीच.

हे सगळं मी तात्यांना एका दमात सांगितलं नाही, गिऱ्हाइकं मध्ये येत होती. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा वर करून सातबाऱ्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तां सगळां ऱ्हवांदे. ह्यां कलम ४३ काढूक काय करूचां लागता?"

मी सांगितलं: २०१४ मध्ये विधिमंडळाने कायद्यात बदल केलाय. खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर जमीन विकायला परवानगी लागत नाही, आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा सरकारला भरायचा, मग ते बंधन जातं. त्यांच्या सातबाऱ्यावर आकार होता १ रुपया ८० पैसे. मी कॅल्क्युलेटरवर गुणून दाखवलं, ७२ रुपये. तात्यांचा विश्वास बसेना, त्यांनी माझ्याकडून परत एकदा गुणाकार करून घेतला.